जतवरच्या घिरट्या

विट्यात मी ज्या घराच्या माडीवर भाड्यानं राहते, त्या घराच्या मालकीणबाईंना, साळूबाईंना, एक छंद आहे. वय पासष्टीच्या पुढचं, शाळा चौथीपर्यंत, गुडघे दोन्ही दुखरे, आणि छंद विमानांवर नजर ठेवण्याचा. आभाळाकडे बघून नव्हे, मोबाइलमध्ये. त्यात एक नकाशा असतो आणि नकाशावर पिवळी विमानं मुंगीच्या चालीनं सरकत असतात. एखाद्यावर बोट ठेवलं की ते कुठून निघालं, कुठं चाललंय, किती उंचावर आहे, सगळं उमटतं. दुपारची भांडी आवरली की साळूबाई घराच्या पुढच्या खणात, सोप्यात बसते, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते, चष्मा लावते आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारते.

"आवं बाई, या की खाली! दुबईचं आलंय डोक्यावर."

मी तिच्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला अगं-तुगं करते. ती मला 'आवं' म्हणायचं सोडत नाही. त्याला कारण आहे. मी मिरजेची. उभं आयुष्य गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांत गेलं. नाटक बसवायचे गावातले पुरुष, आणि बायकांच्या भूमिकांसाठी मिरज-सांगलीहून आम्हाला बोलावणं यायचं. सकाळी उसाला पाणी पाजून आलेला नायक रात्री माझ्यासमोर विलायतेहून परतलेला बॅरिस्टर व्हायचा, आणि वाक्य विसरला की पँट वर ओढायचा. साळूबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं मला तिच्या गावच्या जत्रेत पाहिलं होतं. निळ्या शालूत, तोंडभर पावडर. इतक्या वर्षांनी मी खोली शोधत तिच्या दारात उभी राहिले तर तिनं नावसुद्धा विचारलं नाही. "दीपमाला मिरजकर न्हवं? या आत," म्हणाली. अशा बाईच्या घरात माणूस भाडेकरू राहत नाही, पाहुणा राहतो.

आता तिच्या छंदाचं मूळ सांगते. विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एक तरी माणूस गलाईला गेलेला असतो. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा तो धंदा. कुणी कोचीनला, कुणी कोइमतूरला, कुणी गुवाहाटीला. साळूबाईचे यजमान जोतीराम हैदराबादला होते. तेजाबाच्या धुरानं छाती खराब झाली तेव्हा दुकान मुलाच्या, दिग्विजयच्या, हाती देऊन ते घरी आले. आता अंगणात खुर्ची टाकून बसतात, खोकतात, आणि फार कमी बोलतात.

या लोकांची एक रीत आहे. घरी यायला निघाल्यावर दिवस आणि गाडी खरी सांगायची नाही. अंगावर दुसऱ्याचं सोनं असतं, वाटेत दगाफटका झाल्याचे किस्से प्रत्येकाच्या ऐकण्यात असतात. म्हणून गुरुवारी येतो म्हणायचं आणि मंगळवारीच दारात उभं राहायचं. आईला सांगायचं नाही, बायकोला तर नाहीच. धंद्यातल्या एखाद्याच पुरुषमाणसाला खरी वाट माहीत असते. काही बिनसलं तर शोध कुठून घ्यायचा, एवढ्यापुरती. साळूबाई एकदा मला म्हणाली, "माझा समदा संसार अंदाजावर झाला बगा, बाई. ह्ये कवा निघालं, कुठवर आलं, जेवलं का न्हाई, कायसुदिक ठावं नसायचं. दार वाजलं की समजायचं, आलं."

दिग्विजय विमानानं ये-जा करायला लागला तेव्हा त्यानंच तिला हे ॲप घालून दिलं. विमानात कोण लुटणार, असा त्याचा विचार असावा. तो तिला विमानाचा नंबर कळवायचा आणि साळूबाई हैदराबादेपासून कोल्हापूरपर्यंत त्याच्यासोबत सरकायची. पुढं पुढं गल्लीतल्या बायका आपापल्या माणसांचे नंबर तिला आणून द्यायला लागल्या. मग नंबराची गरजही राहिली नाही. कुणाचंही विमान असो, ती बघायची. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण शहरांची तीन-तीन अक्षरं ती रांगोळीच्या नक्षीसारखी ओळखते.

पावसाळी हवेत तर तिचा छंद ऐन रंगात यायचा. सरळ रेषेत जाणारी विमानं ढगाला बगल देऊन वाकडी जायची, कुणी माघारी वळायचं, कुणी एकाच जागी गोल गोल फिरायचं. साळूबाई भाकरी तव्यावर टाकून उठून यायची. भाकरी करपायची. जोतीराम मुकाट्यानं करपलेली खायचे.

परवाच्या मे महिन्यात दिग्विजय यायचा होता. त्याच्या भाचीचं, राणीचं, लग्न ठरलं होतं. नवरीचे सगळे दागिने त्यानं हैदराबादेत घडवून घेतले होते आणि तेच घेऊन तो निघणार होता. त्यानं आईला दुपारच्या कोल्हापूरच्या विमानाचा नंबर कळवला. साळूबाई जेवण उरकून तांब्या मांडून बसली. मीही माझी पानाची पिशवी घेऊन खाली आले.

विमान वेळेवर सुटलं. गुलबर्ग्यापर्यंत अगदी शहाण्यासारखं आलं.

त्या सुमाराला आमच्याकडे हवा पडली. पान हलेना. पूर्वेला, खरसुंडी-आटपाडीच्या अंगाला, आभाळ काळंनिळं झालं आणि बघता बघता ते अंगणावर आलं. वळीव. आधी धुळीचा लोट, मग शेजारच्या गोठ्याचा पत्रा वाजायला लागला, मग गारा. शेजारची रंगुबाई पदर डोक्यावर धरून पळत आमच्या सोप्यात शिरली. तिचा मुलगा अमृत कोइमतूरला असतो, त्यामुळं तीही या खेळातली जुनी प्रेक्षक.

"काय म्हणतंय गं तुझं विमान?"

"विजापूर टाकलं. आता जतला येईल."

"तू हितनं बगून त्येला वर धरून ठेवतीयास जणू!"

"धरलंय म्हणून तर तुझा अमृत गेल्या खेपंला नीट उतरला. उपकार मान."

रंगुबाई हसली. मीही हसले. तेवढ्यात साळूबाईनं चष्मा वर सरकवला आणि मोबाइलजवळ तोंड नेलं. जतच्या अलीकडे विमान वळलं होतं. सरळ मिरजेकडे यायचं ते उत्तरेला तोंड करून चाललं होतं. मग पूर्वेला. मग पुन्हा दक्षिणेला. नकाशावर त्याच्या मागे एक रेघ उमटत होती आणि त्या रेघेचं वेटोळं होत होतं.

"घिरट्या घालतंय," साळूबाई म्हणाली. "खाली पाऊस असंल. थांबाय सांगितलं असंल त्येस्नी."

आवाज शांत होता. अशी वेटोळी तिनं पूर्वी कितीतरी पाहिली होती आणि मला बोलावून कौतुकानं दाखवली होती. पण तेव्हा त्यात तिचा मुलगा नव्हता. तिच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

दुसरं वेटोळं झालं, तिसरं झालं. बाहेर वीज कडाडली आणि घरातला पंखा थांबला. लाईट गेली. सोप्यात अंधार, फक्त मोबाइलचा उजेड साळूबाईच्या तोंडावर. मला एकदम रंगमंच आठवला. सगळे दिवे घालवून एकाच नटाच्या चेहऱ्यावर झोत टाकतात आणि थिएटर श्वास रोखून धरतं, तसं.

आणि विमान दिसेनासं झालं.

साळूबाईनं बोटानं नकाशा मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. मुंबईकडे जाणारं एक विमान होतं, गोव्याहून निघालेलं एक होतं. जतवर काही नव्हतं. रेघेचं वेटोळंही पुसलं गेलं.

"नेट गेलं आसंल," रंगुबाई म्हणाली.

"बाकीची दिसत्यात की."

"मग उतरलं आसंल."

"जतला कुठं उतरतंय?" साळूबाई तिच्याकडे न बघता बोलली. "ह्ये रोज गायब होतंय मिरजंपाशी. पार खाली आल्यावर. आज वर हुतं. एवढ्या वर असताना कवा गायब होत न्हाई त्ये."

ते वाक्य बोलल्यावर तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो. तिनं दिग्विजयला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. विमानात फोन बंदच असतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी ती लावत राहिली. रंगुबाईनं हात जोडले आणि मोठ्यानं रेवणसिद्धाचा धावा सुरू केला.

"हितं नको बोलवू देवाला," साळूबाई खेकसली. "जतला जाऊ दे त्येला!"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लुगड्यातून तिची पाठ थरथरत होती. जन्मभर मी रंगमंचावर रडले, छाती पिटली, मुलाच्या प्रेतावर पडले. कुठल्याच गावात मी असा थरकाप उभा केला नाही, कारण तो आवाज न करता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. तिला धीर द्यायला माझ्या तोंडात शंभर नाटकांची वाक्यं होती. एकही बाहेर काढायची माझी छाती झाली नाही.

मी जोतीरामांकडे पाहिलं. ते अंगणातली खुर्ची उचलून सोप्याच्या उंबऱ्याशी येऊन बसले होते. पाऊस त्यांच्या पायांवर उडत होता. विमान गायब झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. पण ते मोबाइलकडे बघत नव्हते. आभाळाकडेही बघत नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते.

हे मला खटकलं. विंगेत उभं राहून माझा जन्म गेला. पुढं कोण येणार हे माहीत असलेला नट आणि माहीत नसलेला नट, दोघांची मान वेगळी असते. माहीत असलेल्याची नजर, कितीही आवरली तरी, पात्र जिथून येणार त्या बाजूला जाते. जतवर विमानात अडकलेल्या मुलाचा बाप विट्याच्या रस्त्याकडे कशाला बघेल?

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "जोतीराम, दिग्विजय त्या विमानात आहे ना?"

ते नुसते खोकले. खोकून झाल्यावर पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

"तुमची बायको बघा," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं. साळूबाई मोबाइल छातीशी धरून बसली होती आणि दर थोड्या वेळानं तो पुढे धरून बघत होती.  गप्प राहण्याची जोतीरामांना जन्माची सवय होती. हे वाक्य बायकोसमोर त्यांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

"त्यो त्यात न्हाई," ते शेवटी म्हणाले.



"काय म्हनलासा?" साळूबाईनं विचारलं.

"दिग्विजय त्या विमानात न्हाई. सकाळच्या विमानानं पुण्याला उतरलाय. गाडी करून येतोय. दागिनं हायेत संगं, म्हणून तुला दुसरा नंबर दिला. मला म्हनला हुता, आबा, कुणाला बोलू नका." त्यांनी मान खाली घातली. "फोन बी म्हणूनच बंद ठेवलाय वाटंत."

रंगुबाई "आगं माझ्या आई!" म्हणून मटकन बसली आणि हसायलाच लागली. मला हसू आलं नाही. मी साळूबाईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी जीव आला. मग त्या जिवामागून दुसरंच काही आलं.

"तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "मी हितं मरत हुते, आन तुमी पाऊस बगत बसला हुता."

"पोरानं शब्द घेतला हुता गं."

"पोराचा शब्द! आन माझं काय? तुमी हैदराबादला हुता तवा बी आसंच. गुरवारी म्हणायचं आन मंगळवारी यायचं. म्या कवा तोंडातनं एक सबूद काडला? कवा कुणाला सांगितलं? मला काय चोराची बहीण समजता का तुमी बापलेक?"

"तसं न्हवं. रीतच हाय ती."

"कुणाची रीत? तुमची! माझी न्हवं!"

 जोतीराम खुर्चीवरून उठले, आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. छातीमुळं त्यांना खाली बसणं जमत नाही, तरी बसले. म्हणाले, "चुकलं. सांगाय पायजे हुतं." गावातल्या त्या वयाच्या पुरुषाच्या तोंडून असं वाक्य मी नाटकातसुद्धा फार वेळा ऐकलेलं नाही.

साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता ती उठेल, चूल पेटवेल, मुलासाठी काही करायला घेईल. रंगुबाईलाही तेच वाटलं असावं, ती म्हणाली, "चला, सुटलो. चहा ठेव गं आता झकास."

साळूबाई उठली नाही. तिनं मोबाइल पुन्हा तांब्याला टेकवला आणि चष्मा नीट केला.

"आता काय बगतीयास?" जोतीराम म्हणाले. "आपला न्हाई त्यात."

"मगाधरनं आपलाच हुता," ती म्हणाली. "घटकाभर जीव टांगून बसले मी त्या विमानावर. आता आपला न्हाई म्हणून सोडून देऊ? ती बी कुणाचीतरी हायती."

मग चहाचं नाव रंगुबाईनंही काढलं नाही. ती सरकून साळूबाईच्या खांद्यापाशी आली आणि आम्ही सगळे त्या रिकाम्या जतकडे बघत बसलो. विमान होतं तसंच नाहीसं होतं. मगाशी आत एक ओळखीचा चेहरा होता, आता सगळे अनोळखी. पण मला खरंच सांगायचं तर भीती तेवढीच होती. कदाचित जास्त. मगाशी देवाला हाक मारायला नाव तरी होतं.

"किती माणसं बसत्यात त्यात?" रंगुबाईनं विचारलं.

"ल्हान हाय त्ये. पंख्याचं. पर बसत्यात बरीच."

गारा थांबल्या. पाऊस सरळ धारेनं लागला. जोतीराम नकाशाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्या मोबाइलमध्ये डोकावलेलं मी पाहिलं नव्हतं. "ह्ये जत का?" त्यांनी विचारलं. "आन आपण कुठं?" साळूबाईनं बोटानं विटा दाखवलं. रागातच दाखवलं, पण दाखवलं.

इतक्यात दारात गाडी थांबली. दिग्विजय पिशवी पोटाशी धरून, नखशिखांत भिजलेला, उडी मारून सोप्यात आला. त्याला वाटलं असेल, आई धावत येईल, दृष्ट काढेल. आईनं मान वर करून त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, धड आहे याची खात्री केली, आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"आई? आगं मी आलो!"

"दिसलं. पंचा घे आन डोस्कं पूस. बोलू नगंस."

त्यानं बापाकडे पाहिलं. बापानं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पानाची पिशवी पुढं केली. दुसरं काय करणार?

"कुणाचं विमान बगतीयास एवढं?" त्यानं विचारलं.

"तुझं," साळूबाई म्हणाली. "तू नंबर दिलास त्येच."

दिग्विजय हुशार आहे. क्षणात सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याचा चेहरा पडला. दागिन्यांची पिशवी त्यानं कोपऱ्यात ठेवली, जिच्यावरचा हात हैदराबादेपासून काढला नव्हता ती, आणि ओल्या कपड्यांनी आईच्या मागे गुडघ्यांवर बसून तो नकाशा बघायला लागला.

"आई, कुठंतरी एखाद्याच्या गच्चीवर याचं मशीन बसवलेलं असतं. तिथली लाईट गेली की तेवढ्या भागातलं दिसत न्हाई. आपल्याकडं गेलीय तशी तिकडं बी गेली आसंल."

"आसंल," साळूबाई म्हणाली. "दिसू दे मग."

मग आम्ही पाच जण त्या एवढ्याशा उजेडाभोवती बसलो.  पागोळ्यांचा आवाज. जोतीरामांचा दाबलेला खोकला. साळूबाईचं बोट काचेवर, जतवरून हळूहळू पूर्वेला सरकत चाललेलं, विजापूर, मग त्याच्याही पुढं.

गुलबर्ग्याच्या अलीकडे ते होतं. पिवळं, एवढंसं, तोंड हैदराबादेकडे करून सरळ रेषेत माघारी चाललेलं. साळूबाईनं त्यावर बोट ठेवलं, नंबर उमटला, तिनं तो दिग्विजयला दाखवला. तो "त्येच," म्हणाला.

तिनं चष्मा काढला. मोबाइल पालथा ठेवला, डोळे मिटून भिंतीला टेकली आणि मगाशी आवरलेलं रडू तिला तेव्हा आलं; हुंदके देऊन, खांदे गदगदून. दिग्विजय घाबरून "आई, आई" करत राहिला. जोतीरामांनी त्याला हातानं थांबवलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

रडून झाल्यावर ती पाणी प्यायली आणि मुलाला म्हणाली, "हैदराबादला पोचू दे त्येला. मग भाकरी करते."